खोबरेल, मोगरा आणि कोबीचं पान

सातव्या महिन्यात मी माहेरी गेले तेव्हा खिडकीच्या कट्ट्यावर बाटल्यांची रांग लागली होती. आईने लाकडी घाण्यावरून आणलेलं खोबरेल, मावशीचं बदामाचं तेल, नणंदेने मागवलेली पोटावरच्या रेघांसाठीची महागडी बाटली, शेजारच्या काकूंनी कागदाच्या पुडीत दिलेली हळद आणि एक पांढरी डबी. डबीवर पानाचं चित्र होतं आणि 'शुद्ध हर्बल' एवढेच शब्द. आत काय आहे ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. आई म्हणाली, "सगळं नैसर्गिकच आहे गं, काही अपाय नाही." धोतराही नैसर्गिकच असतो, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण माहेरपणाला आलेल्या मुलीने पहिल्याच दिवशी वाद कशाला घालायचा!

तेव्हापासून बाळ दीड वर्षाचं होईपर्यंत डॉक्टर, सिस्टर, दोन्हीकडच्या आज्या आणि वाचलेलं-ताडून पाहिलेलं यातून जे हाताला लागलं, ते इथे मांडतेय. अंगाला काहीही लावण्याआधी मी एकच प्रश्न विचारायला शिकले: हे बाळाच्या पोटात गेलं तर चालेल का? एरवी कातडी म्हणजे कातडी. पण बाळ अंगावर पितं तेव्हा आईची छाती हेच त्याचं ताट असतं. दिवसातून आठ-दहा-बारा वेळा ते या ताटात जेवतं आणि चाटूनपुसून जेवतं.

साबण लांब ठेवा

१९९४ साली संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. नुकतीच बाळंत झालेली आई, तिचा एक स्तन धुतलेला, दुसरा तसाच. बाळाला दोन्हींच्या मधोमध पालथं ठेवलं आणि ते कुठे वळतं ते पाहिलं. ३० बाळांपैकी २२ बाळं न धुतलेल्या स्तनाकडे गेली. डोळे नीट उघडत नाहीत, मान धरत नाही, तरी वासावरून त्यांनी आपली थाळी शोधली.

हा वास येतो कुठून? बोंडाभोवतीच्या गडद वर्तुळावर गरोदरपणात बारीक पुटकुळ्यांसारखे उंचवटे दिसू लागतात. पुष्कळ मुली घाबरतात, काही जणी ते फोडायलाही जातात. कृपा करून फोडू नका. त्या ग्रंथी आहेत. आयर्लंडमधले प्रसूतितज्ज्ञ विल्यम माँटगोमेरी यांनी १८३७ साली त्यांचं नीट वर्णन केलं, म्हणून त्यांना माँटगोमेरी ग्रंथी म्हणतात. त्यातून तेलकट स्राव झिरपतो, त्याने तिथली त्वचा मऊ राहते आणि बाळाला वाट सापडते. म्हणजे जगातलं सगळ्यात नैसर्गिक क्रीम शरीराने स्वतःच तयार करून, योग्य जागी, योग्य वेळी लावून ठेवलेलं आहे. आपण साबणाने ते धुऊन टाकतो आणि मग त्या जागी लावायला डबी विकत आणतो.

मी जिथे बाळंत झाले तिथल्या एका बाईंनी पहिल्याच दिवशी ओल्या कापसाला साबण लावून माझी बोंडं खसाखसा पुसली. "स्वच्छ नको का?" असं वर विचारलं. त्यांचा हेतू चांगला होता, पण दुसऱ्या दिवशी कातडी कोरडी पडून ओढल्यासारखी झाली ती माझी. आंघोळीच्या वेळी साधं पाणी पुरतं. दर वेळी पाजण्याआधी धुवायची गरज नाही. डेटॉल, स्पिरिट तर नकोच. अत्तर, सुगंधी पावडर, वासाचं लोशन हेही छातीपासून लांब ठेवलेलं बरं, कारण बाळ ज्या वासावर येतं तोच त्याखाली झाकला जातो. हात मात्र धुवायचे, ते साबणानेच.

आता एक जुनी सवय. "आठव्या महिन्यापासून बोंडं खरखरीत टॉवेलने चोळ, ओढ, म्हणजे घट्ट होतील," असं सांगणाऱ्या आत्या-काकू घरोघरी आहेत. चोळून त्वचा घट्ट होत नाही, फक्त सोलवटते. शिवाय बोंडं चोळली की मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं. हेच ऑक्सिटोसिन गर्भाशयालाही आकुंचन पावायला लावतं. दिवस भरण्याआधी कळा येण्याचा धोका जिला आहे, तिने तर हा उद्योग करूच नये. सातव्या-आठव्या महिन्यात बोंडावर पिवळट चिकाचे थेंब येऊन खपली धरली तर कोमट पाण्याने भिजवून सोडून द्यावी, नखाने काढू नये. आणि चीक पिळून पाहू नये. दूध आहे की नाही हे तपासायची ती रीत नव्हे.

बोंडं आत वळलेली असतील तर? इथे मला आपल्या शेजारच्या राज्यातला एक जुगाड फार आवडतो. कर्नाटकातल्या दावणगेरेच्या बालरोगतज्ज्ञांनी १९९३ साली साध्या इंजेक्शनच्या सिरिंजचा उपाय प्रसिद्ध केला, आणि पुढे तो जगभर शिकवला गेला. सुई नसलेली २० मिलिलिटरची सिरिंज घ्यायची, बोंड लहान असेल तर १० ची. जिथे सुई बसते ते टोक कापून टाकायचं. दट्ट्या काढून त्या कापलेल्या बाजूने आत घालायचा, म्हणजे सिरिंजची मूळची गुळगुळीत, पसरट कड मोकळी राहते. ती कड बोंडाभोवती टेकवून दट्ट्या हलकेच मागे ओढायचा, अर्धा ते एक मिनिट धरायचा, मग दट्ट्या पुढे ढकलून हवा सोडायची आणि मगच सिरिंज काढायची. हे बाळ जन्मल्यानंतर, पाजण्याच्या जरा आधी करायचं आणि पहिल्यांदा सिस्टरला समोर बसवून करायचं. दुखलं की थांबायचं. आणि हो, बाळ नुसतं बोंड चोखत नाही, भोवतालच्या वर्तुळासकट मोठा घास घेतं. त्यामुळे बोंड आत असलेल्या पुष्कळ बायका काहीही न करता नीट पाजतात.

चिरा

चिरा पडल्या की घरातलं प्रत्येक माणूस काही ना काही लावायला सांगतं. लावण्याचं सांगतेच, पण त्याआधी चिरा का पडतात ते बघू, कारण औषधाचं अर्धं काम तिथेच आहे.

बाळाने फक्त बोंड तोंडात धरलं तर ते त्याच्या हिरड्या आणि टाळूच्या पुढच्या कडक भागात चिरडतं. मोठा घास घेतला तर बोंड पार मागे, मऊ टाळूपाशी जातं आणि तिथे त्याला काही टोचत नाही. आपल्या टाळूवर जीभ फिरवून बघा: दातांमागे खरबरीत कडक, मागे जावं तसं मऊ. एवढाच फरक आहे. पाजून झाल्यावर बोंड बाहेर येतं तेव्हा त्याच्याकडे बघा. गोल, लांबट असेल तर ठीक. नव्या लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं, चपटं, कडेला पांढरं दिसत असेल तर बाळाने ते चिरडलंय. अशा वेळी जगातलं कुठलंही तूप-लोणी लावलं तरी पुढच्या तासाभरात जखम पुन्हा उघडणार.

नीट धरल्याच्या खुणा चार: तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि वर्तुळाचा भाग बाळाच्या तोंडाच्या वर जास्त दिसतो, खाली कमी. बाळाला नुसती मान वळवून पाजायचं नाही. त्याचं पोट आपल्या पोटाला लागलं पाहिजे. आपण मान तिरकी ठेवून पाणी पिऊन बघावं, म्हणजे त्याची अडचण कळते. आणि आपण वाकून छाती त्याच्या तोंडात कोंबायची नाही, त्याला उचलून आपल्यापाशी आणायचं. बाळंतिणीची पाठ त्यानेच वाचते. सोडवताना ओढायचं नाही. स्वच्छ करंगळी त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवली की पकड सुटते. एवढं करूनही आठवडाभरात दुखणं उतरत नसेल तर बाळाची जीभ खाली चिकटलेली आहे का, तोंडात पांढरे चट्टे आहेत का, हे डॉक्टरांकडून बघून घ्यायचं.

आता लावायचं काय. पहिलं, आपलंच दूध. पाजून झाल्यावर शेवटचे दोन थेंब काढून बोंडावर पसरायचे आणि पदर बाजूला करून वाऱ्यावर वाळू द्यायचे. फुकट, ताजं आणि बाळाच्या ओळखीचं. दुसरं, खोबरेल. बिनवासाचं, बिनरंगाचं, खायच्या प्रतीचं; केसांना लावायची वासाची बाटली नव्हे. करंगळीच्या टोकावर मावेल एवढं बस. कोकणात ते घरातच असतं, देशावर मुद्दाम आणावं लागतं एवढाच फरक. तिसरं, लॅनोलिन. हा मेंढीच्या लोकरीतून काढलेला मेणचट पदार्थ. शुद्ध केलेला असला तर पुसून टाकावा लागत नाही. मात्र या विषयावरच्या चाचण्यांचा २०१४ साली मोठा आढावा घेतला गेला, त्यात यापैकी कुठलीही गोष्ट ठामपणे सरस ठरली नाही. बहुतेक जणींचं दुखणं काहीही लावलं, न लावलं तरी सात ते दहा दिवसांत सौम्य होतं. मला स्वतःला यात फार दिलासा वाटला. महागडी ट्यूब घेणं परवडत नाही म्हणून आपण कुठे कमी पडतोय, असं कुणीच वाटून घ्यायला नको.

काय लावायचं नाही, याबद्दल मात्र मी हट्टी आहे.

मध नाही. जखमेला मध चांगला, हे खरं असलं तरी. मधात बोट्युलिझम करणाऱ्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि त्यातून निघणाऱ्या विषाने स्नायू लुळे पडतात. जन्मल्याबरोबर मधाचं बोट चाटवण्याची आपली रीत याच कारणाने सोडायला हवी. माझ्या सासूबाई याला लगेच तयार झाल्या नाहीत. "आमची नाही का वाढली पोरं?" मी म्हटलं, "आई, मध वर्षानंतर चाटवू या, वाढदिवसाला. तुमच्याच हाताने." ते त्यांना पटलं.

टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, ग्लिसरीनमध्ये घालून बोंडाला किंवा बाळाच्या तोंडातल्या चट्ट्यांना लावतात. तेही नाही. १९८३ साली एका वैद्यकीय नियतकालिकात सात तान्ह्या बाळांची नोंद आहे: त्यांच्या चोखणीला कित्येक आठवडे बोरॅक्स आणि मधाचं मिश्रण लावलं जात होतं, आणि त्यांना झटके येऊ लागले. थोडं थोडं रोज गेलं की ते अंगात साठतं.

कापूर घातलेले बाम नाहीत. कापराने लहान मुलांना झटके येऊ शकतात; सर्दी झाली म्हणून आईने छातीला बाम चोळला आणि तासाने पाजायला घेतलं, असं होऊन जातं. सुट्या हळदीत रंग उठून दिसावा म्हणून शिशाचं क्रोमेट हे विषारी रसायन मिसळल्याचं वेळोवेळी सापडलेलं आहे, त्यामुळे बोंडावर हळदही नको. भाजीत घाला, खात्रीच्या ठिकाणची घाला.

शेंगदाणा तेलाचा मुद्दा मला स्वतःला नवा होता, म्हणून जरा सविस्तर सांगते. ब्रिटनमधल्या हजारो मुलांच्या पाहणीवरून २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांमध्ये एक गोष्ट ठळक दिसली: तान्हेपणी त्यांच्या सुजलेल्या, सोलवटलेल्या त्वचेवर शेंगदाणा तेल असलेली मलमं लावली गेली होती. यातून पुढे एक विचार बळावला. अन्न तोंडावाटे, पोटातून आलं तर शरीर त्याला पाहुणा मानतं. तेच फाटक्या कातडीतून आत शिरलं तर चोर समजतं आणि पुढच्या वेळी दिसताच आरडाओरडा करतं. घाण्याच्या तेलात शेंगदाण्याची प्रथिनं शुद्ध केलेल्या तेलापेक्षा जास्त राहतात, म्हणजे जेवढं 'नैसर्गिक' तेवढा हा धोका जास्त. म्हणून शेंगदाण्याचं आणि बदामाचं तेल ना चिरांवर, ना पुरळ उठलेल्या बाळाच्या अंगावर. हाच न्याय मी बेसनाच्या उटण्यालाही लावते. दिवाळीत मोठ्यांनी लावावं. तान्ह्याची नाजूक कातडी डाळीच्या पिठाने घासू नये.

छाती भरून येते तेव्हा

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दूध उतरतं आणि छाती दगडासारखी होते. त्या दगडात नुसतं दूध नसतं, ते गोठलेलंही नसतं. रक्तपुरवठा वाढलेला असतो आणि ऊतींमध्ये पाणी साचलेलं असतं. पायाला लचक बसल्यावर सूज येते तशीच ही सूज. हे कळलं की उपाय आपोआप कळतो: सुजेवर थंड.

आपल्याकडे नेमकं उलट होतं. गरम पाण्याचा शेक, वर तेल लावून जोरात रगडणं. "गाठी मोडून काढते" म्हणणाऱ्या मावशींच्या अंगठ्याचा जोर ज्यांनी सोसलाय त्यांना मी काय सांगतेय ते कळेल. काही वर्षांपूर्वीपर्यंत डॉक्टरही शेक आणि मालिश सांगत. स्तनपानावर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२२ साली आपली नियमावली बदलली: जोरात मालिश नको, यंत्राने पिळून पिळून 'रिकामं' करणं नको. जितकं जास्त काढाल तितकं जास्त तयार होतं, आणि रगडल्याने आतल्या बारीक नलिका आणखी सुजतात. बाळाला हवं तेव्हा पाजायचं, मध्ये पातळ फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं धरायचा. हात फिरवायचाच असेल तर मांजरीच्या पाठीवरून फिरवतो तसा, बोंडाकडून काखेकडे. पाजण्याआधी मिनिटभर कोमट फडकं ठेवून पान्हा सुटायला बरं वाटत असेल तर ठेवा, पण दिवसभर शेक नको.

छाती इतकी ताठरली की बाळाच्या तोंडात वर्तुळ मावतच नाही, तेव्हा एक युक्ती. बोंडाच्या मुळाशी पाचही बोटांची टोकं गोलाकार टेकवा आणि छातीच्या पिंजऱ्याकडे मिनिटभर सारखी दाबून धरा. पाणी मागे सरकतं, कणकेवर बोट दाबल्यासारखा खळगा पडतो. ती जागा मऊ झाल्या-झाल्या बाळाला लावा.

कोबीच्या पानाचं मी हसण्यावारी नेलं होतं. पण फ्रिजमधलं गार पान, धुऊन, मधली जाड शीर काढून छातीवर ठेवलं तर दुखणं थोडं कमी होतं असं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय. पुरावा भक्कम नाही. गारव्याचाच गुण असेल. तरी पानाचा आकार छातीवर असा बसतो की शिवून घेतल्यासारखा. बोंड मोकळं ठेवायचं, चिरांवर पान नको, कोमेजलं की बदलायचं. नंतर त्या कोबीची भाजी करू नये, हे आमच्या ह्यांना सांगावं लागलं.

आणि आता मोगरा. दक्षिणेत दूध आटवायला छातीवर मोगऱ्याच्या माळा बांधायची जुनी चाल आहे. बाळ दगावलेल्या आईचं दूध थांबवायला हा उपाय करत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी तो तपासून पाहिला आणि १९८८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही बायकांना दूध थांबवण्याची गोळी दिली, काहींच्या छातीवर मोगऱ्याची फुलं चिकटपट्टीने लावली. दूध बनवायला सांगणारं प्रोलॅक्टिन दोन्हीकडे उतरलं. गोळीने जास्त उतरलं, पण दूध थांबवण्यात फुलं गोळीच्या बरोबरीने उतरली. मोगऱ्याच्या गजऱ्यासारखी निरागस वस्तू दुसरी कुठली सांगा! तीही औषधासारखं काम करते. मग ज्या वनस्पतीत गुण आहे तिला दोषही असू शकतो, मात्रा असते, चुकीची वेळ असते. 'नैसर्गिक' या शब्दाने या तिन्हींचा हिशेब होत नाही.

भरलेली छाती आणि आजारी छाती यातला फरक ओळखायचा. एका बाजूला त्रिकोणी लाल पट्टा, हात लावू देत नाही इतकं दुखणं, थंडी वाजून ताप, अंग मोडून येणं, ही स्तनदाहाची लक्षणं. पाजणं थांबवायचं नाही. ते दूध बाळाला चालतं. चोवीस तासांत उतार पडला नाही, किंवा सुरुवातीपासूनच ताप चढा असेल, तर डॉक्टर. अंगावर पाजताना चालणारी प्रतिजैविकं आहेत, तापाच्या आणि दुखण्याच्या गोळ्याही आहेत. फक्त आयबुप्रोफेन ही बाळंतपणानंतरची गोष्ट. गरोदरपणात, विशेषतः उत्तरार्धात, ती स्वतःच्या मनाने घेऊ नये. गाठ मऊ, लुसलुशीत होऊन आत पू झाल्याचं वाटलं तर सोनोग्राफी करतात आणि बऱ्याचदा सुईनेच पू काढतात. त्यावर पोटीस बांधून 'पिकवत' बसू नये. आणि दूध साकळल्याची म्हणून सोडून दिलेली गाठ दोन आठवड्यांत गेली नाही, तर ती दाखवायचीच. पाजणाऱ्या बाईला छातीचा कर्करोग होत नाही असं नाही.

शेगडीचं एकाच वाक्यात: बंद खोलीत निखारे आणि धुरी म्हणजे नुकत्या श्वास घ्यायला शिकलेल्या फुप्फुसांत धूर आणि कार्बन मोनॉक्साइड, तेव्हा बाळंतिणीला ऊब पांघरुणाची द्या.

पोट, तोंड, आणि खाज

नणंदेच्या महागड्या बाटलीकडे आता येऊ. पोटावरच्या रेघा वरच्या कातडीत पडत नाहीत. खालच्या थरातले तंतू ताणून तुटतात, आणि वरून त्या भेगा दिसतात. तेल तेवढं खोल पोचून तंतू सांधत नाही. २०१२ साली अशा मलमांच्या आणि तेलांच्या चाचण्यांचा आढावा घेतला गेला, त्यात एकानेही रेघा टळतात असं सिद्ध झालं नाही. आईला पडल्या असतील तर आपल्याला पडण्याची शक्यता जास्त, वय कमी असलं आणि वजन भराभर वाढलं तरी जास्त. लाल-जांभळ्या रेघा पुढे फिकट, चंदेरी होतात. तेल मात्र जरूर लावा: ताणलेली कातडी खाजते, तिला बरं वाटतं, आणि संध्याकाळी कुणी पाठीला-पोटाला हलक्या हाताने तेल लावतंय हे सुख काही कमी नाही. खोबरेल पुरतं.

गालांवर, कपाळावर वांग येतात ते संप्रेरकांमुळे, आणि उन्हाने गडद होतात. बेंबीखालची काळी रेघही त्याच कुळातली. ती बहुधा काही महिन्यांत आपणच पुसट होते. वांगासाठी खरा उपाय टोपी, छत्री आणि झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. त्यात कातडीच्या रंगाची छटा असेल तर आणखी चांगलं, कारण त्या छटेतलं लोह ऑक्साइड साध्या प्रकाशालाही अडवतं. लिंबू चोळून उन्हात जाणं हा मात्र घरचा घात आहे. लिंबाच्या रसातली काही द्रव्यं उन्हाशी मिळून कातडी भाजतात, फोड येतात आणि मागे राहतो तो डाग वांगापेक्षा काळा. रेटिनॉल हे सुरकुत्यांवर लावायचं द्रव्य; हल्ली 'नैसर्गिक रेटिनॉल' म्हणून बाकुचिओल विकतात. ते बावचीतून येतं. खरं रेटिनॉल आणि त्याच्या घराण्यातली मलमं गरोदरपणात टाळतात, हे ठीकच. पण बाकुचिओल गरोदर बायकांवर पुरेसं तपासलेलं नाही. सुरकुत्यांवरचा उपाय वर्षभर थांबला तरी चालेल.

सगळ्यात जास्त भीती मला गोरेपणाच्या क्रीमची वाटते. काहींत पारा सापडलाय. केरळातल्या मलप्पुरमच्या डॉक्टरांनी अलीकडेच अशी क्रीम लावणाऱ्यांच्या मूत्रपिंडाचे आजार नोंदवले. पारा नाळेतून गर्भापर्यंत आणि दुधातून बाळापर्यंत जातो. दुसऱ्या काही ट्यूबमध्ये स्टेरॉइड, रंग उतरवणारं हायड्रोक्विनोन आणि रेटिनॉलच्या घराण्यातलं ट्रेटिनॉइन अशी तिन्ही औषधं एकत्र असतात. हायड्रोक्विनोन कातडीतून मोठ्या प्रमाणात रक्तात उतरतं. औषधाच्या दुकानात ही ट्यूब चिठ्ठीशिवाय मागितली तरी पुष्कळदा मिळते, म्हणून ती साधी ठरत नाही. डबीवर घटकांची यादी नाही, बॅच नंबर नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, तर वर कितीही पानं-फुलं छापलेली असोत, ती उघडायची नाही.

मुरुमांना बेंझॉइल पेरॉक्साइड, अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड ही मलमं डॉक्टर या काळातही देतात. नावं रासायनिक आहेत म्हणून घाबरू नका. छातीखाली घडीत घामोळं आलं तर ती जागा कोरडी ठेवणं हेच औषध: सुती ब्लाऊज, सैल, ओला झाला की बदललेला. दूध गळून ओले झालेले पॅडही तसेच. मुंबईच्या दमट हवेत हे दिवसातून चार वेळा करावं लागतं, नाहीतर बुरशी धरते.

आता खाज. पोटावर रेघांच्या आसपास पुरळ उठून खाज येते ती त्रास देते, पण बाळंतपणानंतर जाते. दुसरी खाज वेगळी. शेवटच्या तीन महिन्यांत तळहात आणि तळपाय रात्री खाजतात, पुरळ काहीच दिसत नाही, फक्त खाजवून पडलेले ओरखडे. ही कातडीची नाही, यकृताची तक्रार असू शकते. पित्तातली आम्लं रक्तात साठतात, आणि त्यांचं प्रमाण फार वाढलं तर पोटातल्या बाळाच्या जिवाला धोका असतो. कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ करत चार दिवस काढण्याची ही वेळ नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन रक्त तपासून घ्यायचं. हा सगळा लेख विसरलात तरी हे तळपाय लक्षात ठेवा.

"पाजल्याने छाती ओघळते" हे ऐकून कुणी पाजणं लवकर थांबवत असेल तर तिच्यासाठी: अमेरिकेतल्या केंटकीमधल्या एका अभ्यासात २००८ साली असं दिसलं की फरक पडतो तो वय, वजन, गरोदरपणांची संख्या आणि धूम्रपान यांनी. पाजण्याने नाही.

खिडकीतल्या त्या रांगेचं पुढे असं झालं. खोबरेल दोन महिन्यांत संपलं, आईने दुसरं आणलं. रेघांची बाटली अर्धी वापरली. वास छान होता, रेघा व्हायच्या तेवढ्या झाल्या. बदामाचं तेल आई स्वतःच्या गुडघ्यांना लावते. हळद वरणात गेली. पांढरी डबी मी कचऱ्यात टाकली, तर संध्याकाळी आईने ती धुऊन आणली, आणि आता तिच्यात बाळाची टाचणी-सेफ्टीपिन असते.